‘निगेटिव्ह’ रिपोर्टचं शेवटचं पान

दादाच्या दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती. बाबा मेंदूतल्या गाठीने गेलेले. हे ऐकताच युरॉलॉजिस्टनी रक्ताची जनुकीय तपासणी लिहून दिली. रक्त दिलं, रिपोर्ट आला. इथवर काहीच अडलं नाही.

रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. काउंटरवर सांगितलं, “आनुवंशिक काही नाही, निश्चिंत राहा.” मला पटेना. रात्री सगळी पानं वाचून काढली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जनुकाचा मोठा तुकडा गायब असेल तर या चाचणीत तो कळणार नाही. आणि व्हीएचएल जनुकात (याच्या दोषाने होणाऱ्या आनुवंशिक आजारालाही व्हीएचएलच म्हणतात; त्यात किडनी, मेंदू, डोळ्यांत गाठी होतात) बऱ्याच कुटुंबांमध्ये नेमकं तेच होतं! नेहमीचं सिक्वेन्सिंग जनुकाची अक्षरं वाचतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एका प्रतीतला तुकडाच नसला तरी दुसरी प्रत नीट वाचली जाते आणि सगळं ठीक दिसतं. तुकड्यांच्या प्रती मोजायला एमएलपीए ही वेगळी चाचणी लागते.

तिथून जी टोलवाटोलवी सुरू झाली, तिचा राग अजून गेलेला नाही. लॅब म्हणे, केस बंद झाली, डॉक्टरांचं नवं पत्र आणा. ओपीडीत म्हणत, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पत्र कशाला? फोन लावला की “मॅडम जागेवर नाहीत, उद्या करा.” इकडे ऑपरेशनची तारीख जवळ येत होती, आणि ऑपरेशन आत्ता करायचं की नाही हे त्या उत्तरावरच ठरणार होतं. व्हीएचएल असेल तर सर्वांत मोठी गाठ साधारण 3 सेंटीमीटरची होईपर्यंत लक्ष ठेवतात, म्हणजे किडनी जास्त काळ टिकते. किडनीच्या आनुवंशिक कॅन्सरचंच दुसरं एक जनुक म्हणजे एफएच, त्याचा दोष असेल तर लहान गाठीलाही थांबत नाहीत. एवढा मोठा निर्णय एका सहीसाठी लटकलेला!

सुटका केली जेनेटिक काउन्सेलरनी. त्यांनी कागदावर वंशावळ काढली. बाबांची गाठ लहान मेंदूतली, आत्याचा डोळा रेटिनातल्या गाठीने गेलेला. त्यांनी तिथेच पत्र लिहून सही केली. लॅबमध्ये दादाचा डीएनए शिल्लक होता, पुन्हा रक्त द्यावं लागलं नाही. हे आधी विचारून घ्या. व्हीएचएलचा एक भाग खरंच गायब निघाला. त्या दिवशी मी धाय मोकलून रडले, पण छातीवरचं ओझं उतरलं.

इम्युनोथेरपीचंही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांचंही, विचारलं होतं. या गाठींत प्रतिकारशक्तीच्या पेशींची गर्दी असते, पण बऱ्याचदा त्या थकलेल्या असतात. शिवाय एकाच माणसाच्या दोन गाठी स्वतंत्रपणे वाढतात, त्यामुळे सारख्या नसतात. डॉक्टर म्हणाले, ते उपचार मुख्यतः पसरलेल्या कॅन्सरसाठी. व्हीएचएलसाठी बेल्झुटिफान हे औषध आहे, अमेरिकेत त्याला 2021मध्ये मंजुरी मिळाली.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. कुठल्याही ऑपरेशनआधी मेटॅनेफ्रिनची (अॅड्रिनल ग्रंथीच्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या द्रव्याची) तपासणी मागा. व्हीएचएलमध्ये अॅड्रिनलची गाठ असू शकते, आणि ती माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. काढलेल्या गाठीच्या तपासणीवरून आनुवंशिकता ठरवू नका. आनुवंशिक नसलेल्या क्लिअर सेल (किडनीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार) गाठींतही बहुतेकदा व्हीएचएल बिघडलेलंच असतं.

आता दादाच्या मुलीची तपासणी आहे. डोळ्यांची तपासणी लहानपणापासूनच लागते, म्हणून थांबायचं नाही. तिच्या फॉर्मसोबत दादाच्या रिपोर्टची प्रत जोडली आहे आणि नेमका कोणता तुकडा शोधायचा ते वर ठळक लिहिलं आहे. नाहीतर पुन्हा नुसतं सिक्वेन्सिंग करून ‘निगेटिव्ह’ हातात देतील.