आठ डिसेंबर ते पंचवीस डिसेंबर

"सर, आज गर्भ राहिला अन् पंचवीसला बाळ? सतराच दिवसांत?"

8 डिसेंबरचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून सदरमध्ये बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग घेत होतो, तेव्हा एका ताईंनी विचारलं. दबकत विचारलं, पण प्रश्न रास्त होता. सणाचं नाव 'निष्कलंक गर्भसंभव', आणि त्या दिवशी वाचलं जाणारं बायबलमधलं शुभवर्तमान लूक 1:26-38, म्हणजे गब्रिएल देवदूत मरीयेला येशूच्या जन्माचा निरोप देतो ते. ऐकणारा दोन्ही जोडणारच.

फळ्यावर तारखा मांडल्या. 8 डिसेंबरपासून नऊ महिने म्हणजे 8 सप्टेंबर, मरीयेच्या जन्माचा सण. 25 मार्च, म्हणजे गब्रिएलच्या निरोपाचा सण, तिथून नऊ महिने म्हणजे नाताळ. आजचा सण मरीया स्वतः आईच्या उदरात आली त्याचा. तिला आईवडील दोघंही होते. मूळ पापाचा, म्हणजे आदामापासून प्रत्येकाला जन्मतःच लागणाऱ्या पापाचा, डाग तिला लागला नाही, ही कॅथलिक श्रद्धा. नववे पोप पायस यांनी 1854 मध्ये तो सिद्धांत जाहीर केला. प्रॉटेस्टंट तो मानत नाहीत.

"मग येशूचं? कुंतीला सूर्यापासून कर्ण झाला, तसंच ना?"

खरी गाठ इथे आहे, आणि घाईने मान डोलावली तर पुढचं सगळं बिघडतं. लूक 1:35 मध्ये पवित्र आत्मा मरीयेवर येईल आणि परात्पराचं, म्हणजे देवाचं, सामर्थ्य तिच्यावर 'छाया करील' असं आहे. जुन्या करारातल्या निर्गम 40:35 च्या जुन्या ग्रीक भाषांतरात दर्शनमंडपावर, म्हणजे उपासनेच्या तंबूवर, ढग उतरतो, तिथे हेच क्रियापद येतं. देव वस्तीला येतो, एवढाच त्याचा अर्थ; शरीरसंबंधाचा लवलेश नाही. म्हणून पवित्र आत्म्याला कुणी येशूचा बाप म्हणत नाही.

दुसरं म्हणजे, कर्ण कुंतीच्या पोटी आला तेव्हा सूर्यपुत्र झाला. येशू बेथलेहेमात देवाचा पुत्र 'झाला' नाही. 325 च्या चर्चच्या नायसिया परिषदेतले 'जन्मलेला, घडवलेला नव्हे' हे शब्द देवपित्यापासूनच्या अनादि जन्माविषयी आहेत. 451 च्या खाल्सेदोन परिषदेने दोन्ही जन्म शेजारी ठेवले: देवत्वाने युगांपूर्वी पित्यापासून, मनुष्यत्वाने कुमारी मरीयेपासून. पहिल्या जन्मात आई नाही, दुसऱ्यात बाप नाही.

"अन् योसेफ?"

मत्तय 1:25 उघडायला सांगितलं. बाळाचं नाव ठेवतो तो मरीयेचा नवरा योसेफ. नाव ठेवून त्याने मूल आपलं म्हणून स्वीकारलं, आणि मत्तयाच्या वंशावळीत येशू दाविदाच्या घराण्याला जोडला जातो तो त्याच्यामुळेच.