बीट नेता, पाला माझ्याकडेच टाकून जाता

"काकू, याच्यानं रक्त वाढते न वो?"

मंगळवारच्या बाजारात बीट हातात घेऊन हे विचारलं नाही असं गिऱ्हाईक विरळाच. मी नुसतं "हो" म्हटलं, तर अर्ध्या किलोचं एक किलो होतं. पुढची फर्माईशही ठरलेली: "पाला बुडापासून छाटा, शेपूटही काढा, वजन कायले वाढवता?" मग पुढच्या मंगळवारी तीच बाई येऊन विचारते, मागचे बीट चार दिवसांत पिचके कसे पडले? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

आधी रक्ताचं. शंभर ग्रॅम बिटात लोह असतं जेमतेम ०.८ मिलिग्राम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितल्याप्रमाणे बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्राम लागतं. तराजूवर बसणारी बाई मी, हिशोब माझा चोख. नुसत्या बिटावर भागवायचं तर रोज साडेतीन किलोच्या वर खावं लागेल. माझा धंदा चांगला चालेल, पण तुमच्या पोटाचं काय होईल? लाल दिसतं म्हणजे रक्त होतं, एवढाच त्या समजुतीला आधार. अगदीच पोकळ आहे असंही नाही. रक्तपेशी तयार व्हायला लागणारं फोलेट बिटात चांगलं असतं. पण अंगणवाडीतून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या डब्यात ठेवून बिटाचा रस पिणाऱ्या पोरी मी पाहते, तेव्हा जीव तुटतो.

आणि लोह जास्त आहे कुठे, तर तुम्ही छाटायला लावता त्या पाल्यात. गड्ड्याच्या तिपटीएवढं. ते सगळंच अंगी लागत नाही हे खरं, पण वरून निंबू पिळलं तर थोडं जास्त लागतं. जेवण झाल्याझाल्या चहा घेतला तर उलट कमी होतं. सध्या तरी माझ्या शेळ्यांची तब्येत छान आहे.

विहिरीजवळच्या तुकड्यात दिवाळीनंतर मी बीट लावते. बिटाचं एक बी म्हणजे खरं तर दोन-तीन बियांची गाठ असते, त्यामुळे एका जागी झुपका उगवतो आणि विरळणी करावीच लागते. उपटलेल्या त्या कोवळ्या रोपांची आमच्या घरी पहिली भाजी होते. पुढे मोठ्या पाल्याची डाळभाजी. लग्नातली पालकाची डाळभाजी असते तशीच. तूरडाळ, भिजवलेले शेंगदाणे, लसूण, सुक्या मिरच्यांची फोडणी. देठ टाकू नका, बारीक चिरून आधी शिजायला घाला. निंबू मात्र गंज, म्हणजे पातेलं, खाली उतरवल्यावर. ज्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पाला रोज सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारावं, कारण त्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं.

आता ठेवण्याचं. काढल्यावरही पाला पाणी ओढतच राहतो, तेही गड्ड्यातलं. म्हणून तो घरी नेल्याबरोबर कापायचा, पण बुडापासून नाही. दोन बोटं देठ राहू द्यायचं आणि शेपटीला हात लावायचा नाही. मुंडकं छाटलं की तिथूनच ते सुकतं नाहीतर सडतं. ठेवण्याआधी धुवायचं नाही, काळी माती हातानं झाडायची. हे मी सांगते खरी, पण बाजारात आणताना मीच कालव्यावर धुऊन आणते. मातकट बीट कोणी विकत घेत नाही हो. म्हणून माझ्याकडून नेलेलं आधी सावलीत पुरतं कोरडं करा, मग भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या खणात ठेवा. दोन-तीन आठवडे काही होत नाही. पाला वेगळा, कापडात गुंडाळून. तो दोन दिवसांत संपवायचा.

फ्रिज नसेल तर थंडीत आमच्या सासूबाईंची पद्धत आहे. फुटक्या काठाच्या माठात जरा ओलसर रेती, त्यात बीट, एकाला दुसरं लागणार नाही असं, पुन्हा रेती. खोरं लागलेलं बीट त्यात घालायचं नाही, ते त्याच दिवशी शिजवायचं. मे महिन्यात हा खटाटोप करू नका. पंचेचाळीस अंशांत माणूस टिकत नाही, बीट कुठलं टिकणार? तेव्हा लागेल तेवढंच घ्या.

शिजवतानाही साल, देठ, शेपूट तसंच ठेवा, नाहीतर अर्धा रंग कुकरच्या पाण्यात जातो. शिजल्यावर साल बोटानं निघते. माझी आवड म्हणाल तर दह्यातली कोशिंबीर: दाण्याचा कूट, सांभार (म्हणजे कोथिंबीर), हिंग-मोहरीची फोडणी. दह्याचा आणखी एक फायदा आहे. बिटात ऑक्झलेट असतं, पाल्यात तर फारच. दह्यातलं कॅल्शियम त्यातलं बरंचसं पोटातच बांधून टाकतं. तरी ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी जपून. उन्हात राबणारी, पाणी कमी पिणारी आपली माणसं, इथे मुतखडा घरोघरी ओळखीचा. साखरेचा आजार असेल तर रस करू नका, अख्खं शिजवून थोडं खा. शिजवलेलं बीट रात्रभर बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस चालतं.

एक सांगायचं राहिलंच. गेल्या संक्रांतीला माझे दीर पहाटे घाबरेघुबरे होऊन आले. "वहिनी, लघवीतून रक्त जाऊन राह्यलं!" गाडी काढली, तालुक्याला जायची तयारी झाली. मी विचारलं, रात्री काय खाल्लं? दोन वाट्या बिटाची कोशिंबीर. काही लोकांचं तसं होतं, रंग बाहेर पडतो, दिवसभरात उतरतो. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, उतरला. बीट न खाता लाल दिसली असती, तर मीच गाडीत बसवलं असतं.

तर मंगळवारी याल तेव्हा दोन पिशव्या आणा. पाला मी दोन बोटं देठ राखूनच कापीन, आणि दुसऱ्या पिशवीत घालून देईन. पाल्याचे पैसे घेणार नाही. शेळ्या बघून घेतील त्यांचं.