४५५ नंबरची जर्सी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या बेसबॉल मैदानात निवृत्त केलेल्या, म्हणजे पुन्हा कुणालाही न द्यायच्या जर्सींचे आकडे लावले आहेत. १९ हा बॉब फेलरचा. १४ लॅरी डोबीचा. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये १९४७ साली उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्यांच्याच सोबत एक आकडा आहे, ४५५. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तो कुणाच्या तरी विक्रमाचा वाटला. शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तो आमचा नंबर." आमचा म्हणजे प्रेक्षकांचा. जून १९९५ ते एप्रिल २००१ या काळात इथले लागोपाठ ४५५ सामने हाऊसफुल्ल गेले. मग क्लबने तो आकडा लोकांच्या नावाने कायमचा राखून ठेवला.

खेळाडूंच्या पंगतीत गावाला पान वाढलेलं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. इथल्या टीम माझ्या झाल्या त्या दिवसापासून. तीन टीम आहेत : बेसबॉलची गार्डियन्स, अमेरिकन फुटबॉलची ब्राउन्स आणि बास्केटबॉलची कॅव्हेलियर्स, म्हणजे घरोघरी म्हणतात ती कॅव्ज. २०१४ च्या हिवाळ्यात मी इथे आलो आणि तेव्हापासून या तिघींच्या मागे आहे. घरून फोन आला की बाबा हमखास विचारतात, "अरे, तिथे जन्मलेला नाहीस, वाढलेला नाहीस, मग त्या टीमचं एवढं काय?" त्यांना दर वेळी फोनवर अर्धवट उत्तर देतो. आज सविस्तर लिहितोय.

पुणेकरांना हे लवकर कळेल, कारण टीम हातातून निघून जाणं आपण दोनदा अनुभवलंय. २०११ मध्ये आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आली आणि तीन हंगामांत संपली. मग २०१६ मध्ये चेन्नई आणि राजस्थानवर बंदी होती तेवढ्या दोन वर्षांसाठी रायझिंग पुणे आली. २१ मे २०१७ ची हैदराबादची फायनल आठवते ना? मुंबईच्या १२९ धावा आणि आपण एका धावेने हरलो. सामना सुरू झाला तेव्हा इथे रविवारची सकाळ होती. शेवटचा चेंडू पडल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. हरल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे की "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणायचीही सोय नव्हती. पुढच्या वर्षी टीमच नव्हती.

ही गोष्ट मी शेजारच्या आजोबांना सांगितली. ते इथेच जन्मले, पोलादाच्या कारखान्यात आयुष्य गेलं. ऐकून ते काही बोलले नाहीत. मला गॅरेजमध्ये घेऊन गेले आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली एक लाकडी पट्टी दाखवली. जुन्या म्युनिसिपल स्टेडियममधल्या खुर्चीची पट्टी, १७ डिसेंबर १९९५ ची.

त्या तारखेमागची कथा अशी. ब्राउन्स १९४६ पासूनची टीम. १९५० मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये आली आणि पहिल्याच वर्षी अजिंक्य ठरली. १९६४ चं विजेतेपदही तिचंच. वर्षानुवर्षं एरी सरोवराच्या काठावरच्या बोचऱ्या वाऱ्यात लोक तिच्यासाठी बसत आले. ६ नोव्हेंबर १९९५ ला मालक आर्ट मॉडेल यांनी जाहीर केलं की टीम बाल्टिमोरला जाणार. अमेरिकेत टीम ही मालकाची मालमत्ता असते. लीगच्या इतर मालकांनी मान्यता दिली की ती उचलून दुसऱ्या शहरात नेता येते, आणि आधीच्या शहराने काय करायचं हे कुणी विचारत नाही. हंगाम मात्र अजून संपलेला नव्हता. जाणाऱ्या टीमचे सामने बघायला लोकांना त्याच स्टेडियममध्ये जायचं होतं. घरचा शेवटचा सामना १७ डिसेंबरला सिनसिनाटीशी झाला आणि ब्राउन्स २६-१० ने जिंकले. चौथ्या सत्रात लोक खुर्च्या उपटायला लागले. सामना संपल्यावर खेळाडू मैदानाच्या टोकाला गेले. ती बाजू 'डॉग पाउंड' म्हणून ओळखली जाते, सगळ्यात कट्टर लोक तिथेच बसतात. खेळाडूंनी त्या लोकांना कठड्यावरून मिठ्या मारल्या. आजोबा तिथेच होते. पट्टी कशी हातात आली ते त्यांना नीट आठवत नाही. घरी पोचल्यावर ती कोटाच्या आत सापडली, एवढंच सांगतात.

यानंतर जे घडलं त्यासाठी मी या गावाला मानतो. लोक गप्प बसले नाहीत. मोर्चे काढले, पत्रांचे ढीग पाठवले, आणि शहराने खटला भरला. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. मालक खेळाडू आणि कर्मचारी घेऊन जातील, पण ब्राउन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि सगळे जुने विक्रम क्लीव्हलँडमध्येच राहतील. बाल्टिमोरला गेलेली टीम 'रेव्हन्स' नावाने नवी मानली गेली. इकडे तीन हंगाम टीमशिवाय गेले आणि १९९९ मध्ये ब्राउन्स परत उभी राहिली, आपला १९४६ पासूनचा इतिहास घेऊन.

टीमची माणसं एका शहरात आणि इतिहास दुसऱ्या शहरात, हे कायद्याने मान्य झालं. मला हे फार मोठं वाटतं. पुण्याच्या त्या दोन टीमचं काय उरलं? बाबांच्या कपाटात एक टोपी आहे, तेवढीच.

ओहायोने १९९६ मध्ये एक कायदाही केला. त्याला लोक त्या मालकाच्या नावावरून 'मॉडेल कायदा'च म्हणतात. जनतेच्या पैशातून मदत घेतलेल्या टीमला गाव सोडायचं असेल, तर आधी सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना ती विकत घेण्याची संधी द्यायची, अशी त्यात तेव्हा अट होती. बावीस वर्षांनी त्याचा पहिल्यांदा वापर झाला. कोलंबस क्रू ही फुटबॉलची, म्हणजे आपल्या अर्थाच्या फुटबॉलची टीम ऑस्टिनला नेण्याचा घाट घातला होता. २०१८ मध्ये राज्य आणि शहर कोर्टात गेले, चाहते रस्त्यावर उतरले आणि क्रू कोलंबसमध्येच राहिली. पुढे २०२० आणि २०२३ मध्ये ती लीग जिंकली. ती माझी टीम नाही, तरी दोन्ही वेळा मला घरच्या लग्नाइतका आनंद झाला.

आता माझी काही ठाम मतं.

नव्या देशात आल्यावर टीम निवडायची असेल तर ज्या गावात राहता तिथली निवडावी. आपले कितीतरी मित्र जिंकणारी टीम निवडतात. राहतात ओहायोत आणि अंगात कॅलिफोर्नियाची जर्सी. त्यांना खेळ आवडतो हे खरं, पण बुधवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळ्यांचे चेहरे एकाच कारणाने उतरलेले असतात, त्यातलं त्यांना काहीच मिळत नाही. माझं इंग्रजी सुरुवातीला अडखळायचं. गावाशी माझं पहिलं धड बोलणं झालं ते ब्राउन्सच्या हरण्याबद्दल. बर्फ उपसताना, दुकानात रांगेत उभं असताना, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलेलो असतानासुद्धा.

आणि हरणं इथे भरपूर. ब्राउन्स २०१६ मध्ये सोळातला एक सामना जिंकले आणि २०१७ मध्ये एकही नाही. ०-१६. हंगाम संपल्यावर जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत काही लोकांनी स्टेडियमभोवती उपहासाची मिरवणूक काढली. मी गेलो नाही. त्यातून गरिबांच्या अन्नासाठी पैसे जमले ते चांगलंच झालं, पण सोळा आठवडे अंग ठेचून घेणाऱ्या पोरांची थट्टा मला सहन झाली नसती. २० सप्टेंबर २०१८ ला न्यूयॉर्क जेट्सवर २१-१७ असा विजय मिळाला, तो ६३५ दिवसांनंतरचा. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक अंगणात येऊन उभे राहिले. आजोबांनी नुसता हात वर केला आणि आत गेले. त्यांना पहाटे उठायचं होतं.

२०१६ हे वर्ष मात्र आयुष्यभर पुरेल. जूनमध्ये कॅव्ज अंतिम मालिकेत कॅलिफोर्नियाच्या गोल्डन स्टेट टीमविरुद्ध १-३ ने मागे होते. समोरच्या टीमने त्या हंगामात ७३ सामने जिंकले होते, आणि १-३ वरून अंतिम मालिका तोवर कुणीच जिंकली नव्हती. १९ जूनला सातवा सामना ९३-८९ असा जिंकला. शेवटच्या दोन मिनिटांत लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन बोर्डाला चिकटवून अडवलेला तो चेंडू आणि नंतर कायरी अर्व्हिंगचा तीन गुणांचा फटका इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे. लेब्रॉन शेजारच्या ॲक्रनचा. २०१० मध्ये तो सोडून गेला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या होत्या. २०१४ मध्ये तो परत आला आणि दोन वर्षांत शहराचा १९६४ पासूनचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला. २२ जूनच्या मिरवणुकीला तेरा लाख लोक आल्याचा अंदाज होता, आणि शहराची स्वतःची वस्ती चार लाखांच्याही आत! ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उरलेलं अंतर चालत गेलो. अलका चौकात विसर्जनाच्या दिवशी गर्दीच तुम्हाला पुढे नेते, तसंच झालं. एका अनोळखी बाईंनी आपल्या वडिलांचा फोटो छातीशी धरला होता. त्यांना हा दिवस दिसला नाही, म्हणाल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बेसबॉलची अंतिम मालिका. या वेळी आम्ही ३-१ ने पुढे होतो आणि शिकागो कब्जने सातव्या सामन्यापर्यंत ओढलं. आठव्या इनिंगमध्ये राजाय डेव्हिसने दोन धावांचा होमरन मारून बरोबरी साधली, तेव्हा मी ओरडलो आणि मुलगी झोपेतून दचकून उठली. मग पाऊस. सतरा मिनिटं खेळ थांबला. दहाव्या इनिंगमध्ये ८-७ ने हरलो. इथलं बेसबॉलचं शेवटचं विजेतेपद १९४८ चं. ती सतरा मिनिटं मला अजून आठवतात. जवळजवळ मध्यरात्र होती आणि खिडकीबाहेर एकाही घरातला दिवा विझलेला नव्हता.

ढोलाबद्दल लिहायलाच हवं. जॉन ॲडम्स नावाचे एक गृहस्थ ऑगस्ट १९७३ मध्ये मोठा ढोल घेऊन सामन्याला आले आणि पुढे साडेचार दशकांहून जास्त काळ, हजारो सामन्यांत, मागच्या बाकांवर बसून तो वाजवत राहिले. ढोलासाठी वेगळं तिकीट काढायचे. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. पुण्याच्या माणसाला ढोलाची भाषा समजवावी लागत नाही. आपल्या पथकासारखा तो गरजत नसे, एकाच संथ ठेक्यात पडायचा, गडी बेसवर असला की. पण पाठीतून वर चढणारी शिरशिरी तीच.

टीमचं जुनं नाव 'इंडियन्स' होतं. २०२२ च्या हंगामापासून 'गार्डियन्स' झालं. बरेच जुने लोक नाराज झाले, आजोबासुद्धा. मी त्यांच्याशी याबाबतीत सहमत नाही. मूळ अमेरिकन लोक वर्षानुवर्षं सांगत होते की हे नाव आणि ते लाल चेहऱ्याचं व्यंगचित्र आम्हाला टोचतं. ज्याचं नाव त्याने नको म्हटलं की विषय संपला. शिवाय नवं नाव अस्सल इथलं आहे. मैदानाजवळ १९३२ चा पूल आहे. त्याच्या दगडी खांबांवर हातात वाहनं घेतलेल्या आठ भव्य मूर्ती कोरल्या आहेत, रहदारीचे रक्षक. नाव त्यांच्यावरून आलं. आजोबा अजून जुनीच टोपी घालतात आणि आम्ही अजूनही शेजारी बसूनच सामना बघतो.

ब्राउन्सच्या नव्या स्टेडियमबद्दल मात्र आमचं दोघांचं एकमत आहे. ते सरोवराचा काठ सोडून ब्रूक पार्क या उपनगरात बांधायचं ठरलं आहे, वर छप्पर असलेलं. राज्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी साठ कोटी डॉलर मंजूर केले, तेही लोकांच्या विसरलेल्या खात्यांमधल्या, कुणी दावा न केलेल्या पैशातून. छप्पर आलं की सरोवरावरचा वारा जाणार. त्या वाऱ्यात डिसेंबरमध्ये चार थर कपडे घालून उभं राहिलेला माणूसच इथला चाहता आहे. उबदार खुर्ची मिळेल, पण महाग असेल, आणि आजोबांसारख्यांना ती परवडेल असं मला वाटत नाही. टीम गावाबाहेर जात नाही, थोडीच लांब जातेय, असं लोक समजावतात. १९९५ ची पट्टी ज्यांच्या भिंतीवर आहे त्यांना हे समजावणं सोपं नाही.

रेडिओबद्दल एकच सांगतो. सामने टीव्हीवर बघण्यासाठी किती वर्गण्या भरायच्या आणि तरी आपल्याच गावचा सामना आपल्यालाच दिसू नये, या प्रकाराने मी काही वर्षं फार चिडलो होतो. तेव्हा आजोबांनी जुना रेडिओ दिला. टॉम हॅमिल्टन १९९० पासून इथल्या बेसबॉलचं समालोचन करतात. चेंडू उंच गेला की त्यांचा आवाजही त्याच्याबरोबर चढतो आणि भिंतीपाशी फुटतो. लहानपणी आमच्या वाड्यात बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन लागायचं आणि माजघरातली माणसं हातातलं काम तसंच ठेवून दारात येऊन उभी राहायची. तीच जादू. १६२ सामन्यांचा हंगाम डोळ्यांनी पाळता येत नाही, कानांनी येतो. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना.

२०२५ च्या जूनअखेरपासून जुलैपर्यंत आम्ही लागोपाठ दहा सामने हरलो आणि डेट्रॉइटपेक्षा साडेपंधरा सामन्यांनी मागे पडलो. एवढं अंतर भरून काढून डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकल्याचं उदाहरण मेजर लीगच्या इतिहासात नव्हतं. सप्टेंबरमध्ये ते एकेक करून भरत गेलं. रात्री साडेनऊच्या सुमाराला इथे शेवटची इनिंग, तेव्हा पुण्यात सकाळचे सात. एकदा ऐन त्या वेळी बाबांचा फोन आला. म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं थांबा," आणि फोन तसाच रेडिओशेजारी ठेवला. सामना संपल्यावर उचलला तर ते लाइनवरच होते. मागून पातेल्यात चहा ढवळल्याचा आवाज येत होता. म्हणाले, "कळलं काही नाही. पण तो माणूस शेवटी ओरडला, म्हणजे आपण जिंकलो ना?"

हो, जिंकलो.

मग महिना संपेपर्यंत ते रोज सकाळी सातला फोन करायचे. आणि डिव्हिजनही जिंकलो. पुढे प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत डेट्रॉइटने आम्हाला हरवलं, तेव्हा बाबा आधी गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारलं, पुढचा हंगाम कधी सुरू होतो. मार्चअखेर, मी म्हणालो. त्यांनी आईला कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलं.