गॅलरी नव्हती, मग चित्रं दाखवली कुठे?

लॉस एंजेलिसच्या क्वीअर चिकानो कलाकारांचा, म्हणजे मेक्सिकन मुळांच्या समलिंगी चित्रकार-छायाचित्रकारांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: सत्तरच्या दशकात त्यांना भिंत दिली कोणी? जवळपास कोणीच नाही. १९७२ मध्ये आस्को या चिकानो कलाकारांच्या गटातल्या तिघांनी लॉस एंजेलिस काउंटीच्या कला संग्रहालयावर स्प्रे पेंटने आपली नावं लिहिली, ती याच रागातून. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या चिकानो चळवळीला मर्दानी चेहरे हवे होते आणि गोऱ्या समलिंगी वस्तीला ही पोरं आपली वाटत नव्हती. राहता राहिलं टपाल: चित्रं पाकिटात घालून एकमेकांना धाडायची.

चित्रकार टेडी सँडोवालने ‘बुच गार्डन्स स्कूल ऑफ आर्ट’ काढलं. इमारत नाही, विद्यार्थी नाहीत, नाव शहरातल्या सिल्व्हर लेक भागातल्या एका गे बारचं. जोई टेरिलने १९७८-७९ मध्ये ‘होमबॉय ब्युटिफुल’चे दोन अंक काढले. गृहसजावटीच्या गुळगुळीत मासिकांची ती टिंगल होती, आणि फोटोंतले नट म्हणजे मित्रमंडळीच.

असं पान करायचं तर फोटो कापून कागदावर चिकटवायचे आणि झेरॉक्स काढायची. कापलेली कड जराशी उचललेली राहिली तरी तिची सावली काळ्या रेघेसारखी उमटते. म्हणून कड घट्ट दाबायची, नाहीतर पांढऱ्या रंगाने बुजवायची. करड्या छटा त्या काळच्या यंत्रांना झेपत नसत. चेहरा काळा तरी व्हायचा, नाहीतर कोरा. प्रतीची प्रत काढली की आणखी बिघडायचं. सँडोवालच्या चित्रांत चेहरा नसलेला मिशीवाला पुरुष सारखा भेटतो. योगायोग असेल, पण त्याचं झेरॉक्स काय बिघडवणार!

मग वजन. अमेरिकेत साध्या पत्राच्या तिकिटावर १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम जातात. १९७६ मध्ये हे तिकीट १३ सेंटचं होतं. साधा कागद साडेचार ग्रॅमचा आणि लांब पाकीट सहा-सात ग्रॅमचं, त्यामुळे चार कागद आरामात बसतात, पाचव्याला तिकीट वाढतं. कागदाला दोन घड्या पडतात आणि घडीवर टोनर, म्हणजे झेरॉक्सची काळी पूड, तडकतो, तेव्हा महत्त्वाचा भाग घडीवर येऊ द्यायचा नाही.

असं जुनं टपाल हाती आलं, तर पत्र आणि पाकीट वेगळं करू नका. आत तारीख नसली तरी टपालाच्या शिक्क्यावर असते. पीव्हीसीच्या फोल्डरला टोनर चिकटून निघून येतो, पॉलिएस्टरचा घ्या. पिना गंजतात, त्या आधी काढा. रबरबँड तर लावूच नका.

यांच्यातलाच चित्रकार मुंडो मेझा १९८५ मध्ये एड्सने गेला. त्याची बरीच चित्रं आज कुठे आहेत, याचा पत्ता नाही. एकुलत्या एका कॅनव्हासचं असंच होतं. झेरॉक्स मात्र दहा जणांच्या खणांत पडून राहते. ‘सायक्लोना’ म्हणून वावरणाऱ्या रॉबर्ट लेगोरेटाने जपलेले कागद म्हणूनच मोलाचे. ते आता यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या चिकानो अभ्यास केंद्रात आहेत. २०१७ मध्ये ‘अ‍ॅक्सिस मुंडो’ या प्रदर्शनात ५० हून अधिक कलाकार एकत्र आले. त्याचं नाव मेझावरूनच.

सगळेच टपालावर विसंबले नाहीत. छायाचित्रकार लॉरा अग्विलारने १९९२ मध्ये ‘प्लश पोनी’ या लेस्बियन बारमध्येच तात्पुरता स्टुडिओ मांडून तिथल्या बायकांचे फोटो काढले.

आणि सँडोवालचं उघड्यावरचं काम बघायचं असेल, तर लॉस एंजेलिस मेट्रोच्या साउथवेस्ट म्युझियम स्थानकावर उतरा. तो १९९५ मध्ये गेला. स्थानकासाठीची त्याची कल्पना पुढे त्याच्या जोडीदाराने पूर्ण केली.