दोन जानेवारीची पहाट

३१ डिसेंबरला बाकीच्यांचं काय चालायचं ते चालू दे, आमच्या शाळेला वेध असायचे २ जानेवारीचे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडचा बलिदान दिन, १९४२ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा. १ तारखेला रात्री जेवणं उरकून सगळे पटांगणात जमायचो, टेम्पोत खाली पेंढा, वर ताडपत्री, आणि ज्याच्या घरात जे असेल ते अंगावर. माझ्याकडे आजीचं घोंगडं असायचं, म्हसाच्या जत्रेतून घेतलेलं, टोचायचं खूप पण आम्ही तिघं त्यात मावायचो.

कर्जत-मुरबाड रस्त्याने निघालो की गुरुजी एका ठिकाणी टेम्पो थांबवायचे. विजेचा टॉवर दाखवायला. एकेकाला खाली उतरवून त्याच्या पायाच्या लोखंडी अँगलवर हात ठेवायला लावायचे. थंडीत ते लोखंड इतकं गार लागायचं की हात पटकन मागे यायचा. मग म्हणायचे, हे असलं लोखंड करवतीने कापायचंय, तेही रात्री, अंधारात, आवाज न करता, जमेल? कोणी बोलायचं नाही.

१९४२ चं साल, दुसरं महायुद्ध चालू, मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे ज्या विजेवर चालायच्या तिच्या लाईनी याच आपल्या डोंगरांतून जायच्या. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई, व्यवसायाने वकील, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष राहिलेले, सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा म्हणून धान्य कोठारं काढणारे, असा माणूस भूमिगत होतो आणि इंग्रजांविरुद्ध लढणारी क्रांतिकारकांची तुकडी, आझाद दस्ता, उभा करतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरात दस्त्याने असले ११ पायलॉन, म्हणजे विजेचे टॉवर, पाडले. तेव्हा भाईंनी तिशीही धड ओलांडली नव्हती हे लहानपणी लक्षातच यायचं नाही, कारण फोटोतली माणसं आपल्याला कायम मोठीच वाटतात.

म्हसा मागे टाकून नारिवलीकडे वळलं की रस्ता संपत आल्यासारखा वाटायचा आणि मग बॅटऱ्यांच्या उजेडात चालणं. ज्योत घेऊन आलेली पोरं पुढे, मग शाळा, मग गावोगावची मंडळी, ठाकूर कातकरी बाया कडेवर मूल घेऊन. चहा आणि गरम वड्यांचा वास झाडीतून यायचा, पण आधी स्मारक, मग खाणं, हा नियम. अजून पूर्ण उजाडलेलं नसायचं. वर सिद्धगडाचा काळा आकार तेवढा दिसायचा. १९४३ च्या २ जानेवारीला याच जंगलात पहाटे पोलिसांनी दस्त्याला घेरलं, हॉल नावाचा अधिकारी होता, आणि भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते पुढचं. घोषणा सुरू व्हायच्या. हुतात्मा भाई कोतवाल, अमर रहे! डोंगरावर आवाज आपटून परत यायचा. मग हुतात्मा हिराजी पाटील म्हटलं की पोरांचा दम संपलेला असायचा, घसा बसलेला, आवाज अर्धाच निघायचा. गुरुजी हात वर करायचे. पुन्हा. आम्ही पुन्हा म्हणायचो. तरी कमी वाटलं तर अजून एकदा. मग शांतपणे सांगायचे, मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा हा मुलगा, बाप-लेक दोघंही दस्त्यात होते रे, बापाला मुलाची बातमी कळली तेव्हा काय झालं असेल याचा विचार करा आणि मग म्हणा. तिसऱ्या वेळी जो आवाज निघायचा तो मी पुढे कुठल्याच सभेत ऐकला नाही.

मला अजूनही वाटतं की सिद्धगडचं नाव निघालं आणि फक्त भाईंचंच नाव घेतलं तर गोष्ट अर्धी सांगितली. भाईंनाही ते आवडलं नसतं.

मागच्या वर्षी मुलीला घेऊन गेलो. आता रस्ता बरा झालाय, गर्दी खूप, माईक, बॅनर, पार्किंगची धावपळ. ती झोपेतच होती, खांद्यावर मान टाकून. भाईंची घोषणा झाली, दणक्यात झाली, आणि हिराजींच्या वेळी तोच जुना अर्धा आवाज. माझ्या तोंडून आपोआप जोरात निघालं, पुन्हा! आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं, आणि पुढच्या रांगेतल्या कुठल्याशा शाळेच्या पोरांनी खरंच पुन्हा म्हटलं. मुलगी जागी झाली. म्हणाली, बाबा, हिराजी कोण?

वडे गार झाले त्या दिवशी आमचे.