मनगटाला न कळणारी ताकद

इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे घाव घालत स्क्रू पिळणारं बॅटरीचं मशीन, पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास दचकतो. स्क्रू निम्मा आत जाईपर्यंत मशीन गुमान फिरत असतं आणि मग एकाएकी टर्रर्र सुरू होतं. काहीतरी मोडलं असं वाटून बोट ट्रिगरवरून निघतं. मोडलेलं काही नसतं; मशीन तेव्हा कुठे कामाला लागलेलं असतं.

त्याच्या पोटात खरोखरच एक हातोडा आणि एक ऐरण असते. स्क्रू हलका जात असतो तोवर दोघं एकत्र फिरतात. विरोध वाढला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या कानावरून, म्हणजे बाहेर आलेल्या खुंटीवरून, निसटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येऊन पुढच्या कानावर आदळतो. मिनिटाला तीन-साडेतीन हजार वेळा. हे घाव फिरण्याच्या दिशेने बसतात, समोरच्या दिशेने नाही. त्यामुळे ‘इम्पॅक्ट’ म्हणजे भिंत फोडणारं काहीतरी, असं समजून काँक्रीटला भोकं पाडायला कुणी हे घेणार असेल तर त्याने हॅमर ड्रिल घ्यावं.

साध्या ड्रिल मशीनने लांब स्क्रू पिळताना तो अडला की मशीनच उलटं फिरून मनगट पिळतं. इथे घाव आतल्या आत पडतात, मनगट शाबूत राहतं. या मशीनचं सगळं कौतुक यासाठीच, आणि यातच त्याची खोड आहे. मनगटाला झटका नाही म्हणजे मनगटाला खबरही नाही. पिळण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात; लाकडात मारायचा चार मिलिमीटरचा स्क्रू एक आकडी न्यूटन मीटरमध्ये मान टाकतो, आणि हातातल्या मशीनच्या खोक्यावर १८० लिहिलेलं असतं. मधलं अंतर सांभाळायचं ते डोळ्याने, कानाने आणि एका बोटाने.

म्हणून निवडताना टॉर्कच्या आकड्यामागे धावण्यात फारसा अर्थ नाही. बिजागऱ्या, फळ्या, कपाटं एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचं, शंभरेक न्यूटन मीटरचं मशीन भरपूर झालं. तुळया आणि जाड बोल्ट असतील तर १८ व्होल्ट. शेजारी ‘२० व्होल्ट मॅक्स’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. आत तेच ३.६ व्होल्टचे पाच सेल एका ओळीत असतात; पूर्ण चार्ज झाल्यावर ते प्रत्येकी चारच्या वर जातात, एवढाच काय तो जादा माल. अँपिअर-तास म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप; दोन अँपिअर-तासाच्या बॅटरीत अशी एक ओळ, पाचच्या बॅटरीत दोन. भार वाटला गेल्याने मोठी बॅटरी कमी तापते आणि जोरही टिकवते, पण डोक्यावर हात करून छताला स्क्रू मारायचे असतील तर छोटीच बरी. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, तेव्हा पुढे कोणती अवजारं घ्यायची तेही आत्ताच ठरवावं. बाकी ब्रशलेस मोटर घ्यावी. कार्बन ब्रश झिजण्याची कटकट नाही. पण खरी परीक्षा ट्रिगरची. केसभर दाबल्यावर बिट, म्हणजे स्क्रूच्या खाचेत बसणारं टोक, सेकंदाला एखादा फेरा घेत सावकाश फिरलं पाहिजे. एकदम उसळणारं मशीन तिथेच ठेवून द्यावं.

बिटकडे मात्र लोक अजिबात बघत नाहीत. फिलिप्स आणि पोझी हे फुलीच्या खाचेचे दोन प्रकार वरवर सारखेच दिसतात. पोझीच्या स्क्रूवर मुख्य फुलीच्या हातांच्या मधे-मधे चार बारीक रेघा असतात. त्यात फिलिप्सचं बिट घातलं की ते खाचेतून चढतं, आणि मिनिटाला तीन हजार घावांत खाच गुळगुळीत व्हायला कितीसा वेळ? सहा पाकळ्यांचा टॉर्क्स स्क्रू मिळत असेल तर तोच घ्यावा. साधी कडक बिटं या घावांनी टोकाशी तडकतात. इम्पॅक्टसाठी केलेल्या बिटाची कंबर बारीक असते, ती किंचित पीळ खाते आणि टोक वाचतं.

आता कठीण लाकडात पाच मिलिमीटर जाड, सत्तर लांब स्क्रू मारायचा आहे असं धरू. आधी साडेतीन मिलिमीटरचं भोक, स्क्रू जाणार तेवढं खोल. आट्यांना थोडं मेण. साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. बिट, स्क्रू आणि कोपर एका रेषेत. पहिले दोन-तीन फेरे अगदी हळू, मग वेग. घाव सुरू झाले की मागून दाब वाढवायचा, कारण बिट निसटतं ते इथेच. माथा दोन-तीन मिलिमीटर वर असताना बोट सोडायचं आणि पुढचं अंतर तुटक टिचक्यांनी भरायचं: टर्र, थांब, बघ. घाव पडतायत पण माथा फिरत नाही, असं दिसलं की लगेच थांबायचं. आणखी रेटलं तर माथा तुटून हातात आणि दांडा लाकडात. तो काढण्याइतकं कंटाळवाणं काम सुतारकामात दुसरं नसावं.

पितळी स्क्रू, स्विचबोर्ड, पार्टिकल बोर्डातले छोटे स्क्रू हे सरळ हाताने पिळावेत. पत्र्यात स्वतःच भोक पाडणारे स्क्रू पूर्ण वेगाने मारले तर टोक जळून बोथट होतं. स्टेनलेसचा नट-बोल्ट सुसाट फिरवला तर आटे तापून एकमेकांना असे धरतात की कापल्याशिवाय सुटत नाहीत. गाडीच्या चाकाचे नट सोडायला मशीन चालेल, पण शेवटची आवळणी टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानेच. आणि बंद खोलीत काम असेल तर कानात बोळे हवेतच.

गंजलेला जुना स्क्रू सोडवताना मात्र याच घावांचा खरा फायदा होतो. आधी खाचेतला रंग टोकदार सळईने खरवडून काढावा, बिट तळापर्यंत बसतंय याची खात्री करावी, मशीन उलट दिशेला टाकावं आणि अंगाचा भार देऊन ट्रिगर अर्धा दाबावा. घाव गंज फोडतात, स्क्रू कुरकुरत हलतो. हलला की भार काढून बोट सैल करायचं, नाहीतर तो भिरभिरत उडतो आणि मग कपाटाखाली शोधत बसावं लागतं.