नऊ वारांतले पाच

मिनीयापोलिसहून कॅन्सस सिटीला नणंदेकडे जायचं म्हणजे ३५ नंबरचा हायवे पकडून सहा-सात तास सरळ खाली यायचं. वाटेत बघण्यासारखं काय, तर मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. शेवटच्या तासाभरात कॅमरॉन नावाचं गाव लागतं आणि तिथे नवरा न विचारताच इंडिकेटर देतो. पहिल्या वर्षी "कापड बघायला वाट वाकडी करायची?" असं म्हणून बघितलं होतं त्याने. आता म्हणत नाही.

कॅमरॉनपासून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटांवर हॅमिल्टन आहे. मिझुरी राज्यातलं, दोन हजारसुद्धा वस्ती नसलेलं गाव. जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीचा संस्थापक इथलाच, जन्म १८७५ चा. एवढी एक ओळख सोडली तर शेतांमधल्या इतर गावांसारखंच विझत चाललेलं. मग २००८ ची मंदी आली, डोन कुटुंबाची म्हातारपणाची पुंजी आटली आणि मुलांनी आईला क्विल्ट, म्हणजे इथली गोधडी, शिवायचं मोठं लाँगआर्म मशीन घेऊन दिलं. का, तर तिने शिवायला टाकलेली क्विल्ट परत मिळायला वर्षभर लागणार होतं. म्हणजे धंद्याला गिऱ्हाईक आहे! ती आई म्हणजे जेनी डोन, आणि तो धंदा म्हणजे आजची मिझुरी स्टार क्विल्ट कंपनी. आज त्या एका रस्त्यावरच्या जुन्या विटांच्या इमारतींत ओळीने कापडाचीच दुकानं आहेत. फुलाफुलांचं कापड एकीकडे, बाटिक दुसरीकडे, लहान मुलांचं तिसरीकडे. आपल्याकडे तुळशीबागेत एका बोळात जेवढं मिळतं तेवढ्यासाठी इथे गावभर चालायचं. आणि हो, नवऱ्यांसाठी वेगळी खोली आहे. आरामखुर्च्या, टीव्ही, सगळं. 'मॅन्स लँड' म्हणतात. आमचे हे तिथे जे आडवे होतात ते फोन केल्याशिवाय उठत नाहीत.

मी शिवायला शिकले ती जेनीबाईंचे व्हिडिओ बघूनच. मिनेसोटातला पहिला हिवाळा, नोकरीची परवानगी नाही, बाहेर उणे वीस. पहिली क्विल्ट सपशेल फसली. शाळेत शिवणाच्या तासाला अर्धा इंच शिवण सोडायची सवय लागलेली, तीच इथे चालवली. क्विल्टमध्ये पाव इंच सोडतात. तुकडे जोडून होणारा बारा इंचाचा चौकोन साडेदहावर आला. असे वीस चौकोन झाल्यावर माझ्या ते ध्यानात आलं. ती क्विल्ट आता गाडीच्या डिकीत असते.

या वेळी मात्र माझ्या पिशवीत एक घडी होती. आजेसासूबाईंचं इरकली लुगडं, डाळिंबी रंगाचं, गोमी काठाचं. त्या कऱ्हाडच्या, जन्मभर वाकळी शिवल्या. गेल्या डिसेंबरात सासूबाईंनी पेटीतून काढून दिलं. "नुसतं पडून आहे, बघ काही होतं का," म्हणाल्या. लगेच पुढे, "पण धडकं कापड फाडून पुन्हा जोडायचं, हे काही मला कळत नाही हो तुमचं." मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. आपल्या गोधडीत जुनेर येतं. अंगावर विरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. इथे वाराला १२-१३ डॉलर मोजून कोरं कापड घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे आणि मग ठिगळं जोडल्यासारखं दिसावं म्हणून रात्री जागवायच्या.

अर्थात इथल्या बायकांनीही जुनेर शिवलंच आहे. एका दुकानात एक अख्खी भिंत 'थर्टीज'ची आहे. बारीक फुलं, फिकट गुलाबी, पिस्ता, लिंबू. १९३० च्या मंदीत पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. बायका त्या पोत्यांचे फ्रॉक आणि क्विल्ट शिवतात हे कळल्यावर कंपन्यांनी पोत्यांवरच फुलं छापायला घेतली. कॅन्सस सिटी स्टार हे वर्तमानपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत क्विल्टचे नमुने छापत होतं. आता त्याच पोत्यांची नक्षी कोऱ्या कापडावर छापून ताग्याने विकतात. मी त्यातलं अर्धा वार घेतलंच. हसू येत होतं, तरी घेतलं.

मग कापायच्या टेबलापाशी गेले. मला या दुकानात सगळ्यात आवडते ती ही जागा. बाई तागा उलटापालटा करत टेबलावर धप्-धप् उलगडते, कापड काचपट्टीखाली सरळ करते आणि पिझ्झा कापतात तसल्या गोल पातीने एका झटक्यात कापते. कात्रीचा आवाजच नाही. आणि कापायच्या आधी प्रत्येकीला विचारते, "काय करणार याचं?"

मी लुगडं काढलं. चौकोन यातूनच कापणार होते, त्याला शोभेल असं पाठीमागचं कापड हवं होतं. १०८ इंच पन्ह्याचं कापड मिळतं त्यासाठी खास, म्हणजे मध्ये जोड येत नाही. (१०८ च का? कोणी जपमाळ घेऊन बसलं असेल.) बाईंनी हात पुसले, मग लुगड्याला लावले. काठ उलटून बघितला. साठीच्या पुढच्या असाव्यात, बोटाला अंगुस्तान तसंच होतं.

"किती आहे हे?"

"नऊ वार."

त्यांना आश्चर्य वाटलं नाही, त्या थेट हिशेबालाच लागल्या. मलाच गंमत वाटली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मीटर आला आणि वार उरला तो नऊवारीत. इथे तो रोज कापला जातो, त्यामुळे या बाईंना लुगड्याचं माप मला समजावून सांगावं लागलं नाही.

"क्विल्ट केवढी?"

"साठ बाय ऐंशी."

"चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त. शेजारी-शेजारी जोडायला अठ्ठ्याऐंशीचे दोन पट्टे, एकशे शहात्तर इंच. पाच वार." त्यांनी लुगड्याची घडी माझ्याकडे सरकवली. "हेच मागे लावा की. तुकडे कशाला करता? पुढे काहीही चालेल."

म्हणजे दोन वारांचं मोठ्या पन्ह्याचं कापड, जे मी घेणारच होते, ते त्यांनी स्वतःच विकलं नाही. वर बजावलं की कापड विरलंय, मशीनवर ताणू नका, हाताने शिवा. धावदोरा घाला, असंच म्हणाल्या त्या, फक्त त्यांच्या भाषेत.

मी डाळिंबी रंगाची दोन रिळं घेतली आणि निघाले. नवऱ्याने पिशवी हातात घेऊन वजन बघितलं. "बरी आहेस ना?"

रात्री नणंदेकडे जेवणं झाल्यावर जमिनीवर लुगडं अंथरलं. ती बराच वेळ काठावरून हात फिरवत बसली होती. आजीने तिला याच लुगड्यात बसवून जेवू घातलेलं. मी पाच वारांचा हिशेब सांगितला, जेनीबाईंच्या गावातल्या बाईंचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग उरलेले चार वार माझे," ती म्हणाली, आणि कात्री आणायला उठली.